प्रमाण जोडपं

आपलं माणूस परदेशात असेल आणि त्याला भेटायला जायचं असेल, तर ते आपलं आहे हे आधी कचेरीला पटवून द्यावं लागतं. यात गैर काही नाही. उद्या कुणीही उठेल, प्रेमात पडेल आणि विमानात जाऊन बसेल, तर खऱ्या कामाला जाणाऱ्यांना जागा कुठली उरणार? म्हणून परदेशगमन कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून, नातेसंबंध पडताळणी कक्ष आहे. एक टेबल, एक कपाट, एक न फिरणारा पंखा आणि एक बाई, एवढीच तिथली यंत्रसामग्री. जगातलं कुठलंही प्रेम खरं की खोटं, हे तेवढ्यावर ठरतं.

या कक्षासमोरच्या बाकावर कवळीवाले बसले होते. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देणं हा त्यांचा धंदा, त्यामुळे त्यांना सगळे कवळीवाले म्हणत आणि खरं नाव बहुधा विजेच्या बिलावरच शिल्लक होतं. वय चाळिशीच्या पुढे. ते माणसाच्या डोळ्यांकडे न बघता जबड्याकडे बघतात, अशी त्यांच्याबद्दल तक्रार होती आणि ती खरी होती. लग्नाची बोलणी तीन-चार ठिकाणी झाली होती. एका ठिकाणी तर त्यांनी मुलीपेक्षा तिच्या आजोबांच्या दातांचीच चौकशी जास्त केली, आणि पुढे त्या घरातून फक्त आजोबा येत राहिले.

मग ती आली. आली म्हणजे फोनवर आली. तिचे वडील म्हातारपणी तिच्याकडे परदेशात राहायला गेले होते, आणि कवळीवाल्यांनी केलेली त्यांची कवळी तिथल्या हवेत टोचायला लागली होती. तिने वडिलांचं तोंड फोनसमोर धरलं, कवळीवाल्यांनी इकडून कुठे घासायचं ते सांगितलं, तिने नखं घासायच्या कानशीने घासलं. कवळी बसली. पण फोन येत राहिले. आधी कवळीची खबरबात, मग वडिलांची, मग तिची. ती एका मोठ्या हॉटेलात चादरी-टॉवेलांच्या विभागाची मुकादम होती, आणि दिवसभर वाफेत उभी राहून आल्यावर संध्याकाळी वडील लवकर झोपले की बोलायला कुणी नाही म्हणून यांच्याशी बोलायची. पुढे वडील गेले. तेव्हा तिने फोन करून एवढंच विचारलं, "कवळीचं काय करू?" बराच वेळ फोन दोघांपैकी कुणीच ठेवला नाही. प्रेम म्हणतात ते यालाच, हे कवळीवाल्यांना दुसऱ्या दिवशी दाढी करताना कळलं.

आता तिला वर्षातून एकदा मिळणारी सुट्टी मंजूर झाली होती. हॉटेलाचा हंगाम संपला की पंधरवडा मोकळा. यंदा जमलं नाही तर थेट पुढच्या वर्षी. चाळिशीनंतर माणूस 'पुढच्या वर्षी' हे शब्द तेवढ्या सहज उच्चारत नाही. कवळीवाल्यांना जायचं होतं, याच वर्षी, आणि अगदी मनापासून जायचं होतं.

"प्रवासाचं कारण?" पडताळणीबाईंनी विचारलं.

"भेट."

"कुणाची?"

"आपल्या माणसाची," कवळीवाले म्हणाले आणि त्यांचे कान तापले.

"आपलं म्हणजे काय? आई, वडील, पत्नी, अपत्य?"

"प्रेम आहे."

बाईंनी मान वर न करता दुसरा खण उघडला. "मग पिवळा अर्ज. याआधी किती वेळा भेटलात?"

"अजून नाही. त्यासाठीच तर चाललोय."

बाईंचं पेन थांबलं. "भेटलाच नाहीत तर प्रेम कसं? भेटलेल्या दोघांमध्ये असतो तो संबंध. न भेटलेल्यांमध्ये असते ती ओळख."

"बरं, मग ओळखीवर जातो."

"ओळखीवर जाता येत नाही. ओळख इथून ठेवता येते."

"मग पर्यटक म्हणून?"

"काय बघणार तिथे?"

कवळीवाले सरळमार्गी माणूस. म्हणाले, "तिला."

"त्या प्रेक्षणीय स्थळ आहेत का?"

"तसं सरकारने जाहीर केलेलं नाही."

"मग झालं तर."

बाई दुष्ट मुळीच नव्हत्या. नियमात फट असली तर ती दाखवायला त्यांची ना नसे. फक्त तिच्यातून जाताना माणूस सोलून निघतो, एवढं त्या सांगत नसत. त्यांनी कपाटातून एक परिशिष्ट काढून वाचून दाखवलं. न भेटलेल्या अर्जदारांनी 'सहवाससदृश ज्ञान' सिद्ध करावं. दोघांना वेगवेगळं बसवून एकमेकांबद्दल तेच प्रश्न विचारले जातील. एका छपराखाली नांदणाऱ्या माणसांना एकमेकांबद्दल जितकं ठाऊक असतं तितकं यांनाही आहे असं दिसलं, की त्यांची भेट झाली असं कचेरी समजेल.

"भेट झाली असं समजलं, तर आता जायची गरज काय, असं नाही ना म्हणणार?"

"हा मुद्दा अजून कुणी काढला नव्हता," बाई म्हणाल्या आणि त्यांनी तो लिहून घेतला.

कवळीवाले राहत ताईच्या घरात, वरच्या खोलीत. खाली कारखाना, मध्ये ताई आणि भाऊजी. भाऊजी पाणीपुरवठा खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते, आणि तेव्हापासून हाताशी एकही प्रकरण नसल्यामुळे सुकत चालले होते. मेव्हण्याचं काम कळल्याबरोबर त्यांना तजेला आला. त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची सरळ केली आणि म्हणाले, "मेव्हणे, घाबरू नका. कचेरीला काय लागतं ते मला विचारा. कचेरीला सत्य नको असतं, पूर्तता लागते."

"तिकडचीला काही त्रास नाही ना यात?" ताईने स्वयंपाकघरातून विचारलं. ती परदेशातल्या त्या बाईला 'तिकडची' म्हणायची, पण मायेने म्हणायची.

"तू मध्ये बोलू नकोस," भाऊजी म्हणाले. "इथे कामकाज चाललंय."

पडताळणीचा दिवस आला. तिकडे तिच्यासमोर तिथल्या कचेरीचा माणूस, इकडे यांच्यासमोर पडताळणीबाई.

"त्या कुठल्या कुशीवर झोपतात?"

"आधी डाव्या. मग उजव्या. सर्दी असली तर उशीला टेकून बसून."

"राग आला की काय करतात?"

"बोलत नाही. झालेल्या चादरींना पुन्हा इस्त्री करते."

"कशाला घाबरतात?"

"लिफ्टला. एकदा अडकली होती, चादरींच्या गाडीसकट. तेव्हापासून जिन्याने जाते. कुणी विचारलं तर व्यायाम म्हणून सांगते."

तिकडे तिलाही विचारत होते. यांची कुठली दाढ दुखते, तर डावीकडची शेवटची, आणि जगाचे दात करणारा हा माणूस स्वतःची दाढ कुणाला दाखवत नाही. विनोद सांगताना आधी कोण हसतं, तर हाच, त्यामुळे विनोद राहूनच जातो. बाईंनी दोन्हीकडची उत्तरं शेजारी शेजारी ठेवली आणि एकेका उत्तरापुढे बरोबरची खूण करत गेल्या. शेवटच्या खुणेपर्यंत त्यांचा चेहरा उतरत गेला.

"सगळंच्या सगळं जुळलं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे पास?" कवळीवाले उठूनच उभे राहिले.

"नापास. अहो, माझ्या हाताखालून शेकड्याने जोडपी गेलीत. खरीखुरी, लग्न झालेली. त्यांना यातलं निम्मंदेखील येत नाही. एवढं लक्ष कोण देतं? ठग देतात. पाठ करून येतात."

"आम्ही पाठ नाही केलं हो. ती बोलते. मी ऐकतो."

"ऐकता?"

"हो. रोज."

बाईंनी अर्जावर शेरा मारला: 'अर्जदार ऐकतो. संशयास्पद.'

ते पुन्हा खुर्चीत बसले. "मग किती जुळायला पाहिजे ते तरी सांगा. आम्ही तेवढंच जुळवतो."

"तेच तर ठरलेलं नाही. वजनाला जसा प्रमाण किलो असतो, तसं खात्याकडे एक प्रमाण जोडपं पाहिजे, अशी मागणी मी कधीचीच वर पाठवलीय. प्रमाण आलं की माप घेता येईल. कुणी स्वतःहून पुढे आलं तर बघा."

ही गोष्ट घरी सांगताच भाऊजी ताडकन उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत चमक आली. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची प्रकरणं प्रमाणित केली होती, आता खुद्द त्यांना प्रमाण व्हायची संधी चालून आली होती. "आमच्या संसाराला आजतागायत एक प्रतिकूल शेरा नाही," ते म्हणाले. "उद्याच जातो. कळू दे त्या बाईला जोडपं म्हणजे काय ते." ताईला विचारलं नाही. प्रमाण जोडप्यात तशी पद्धत नसते.

दुसऱ्या दिवशी कचेरीत आधी भाऊजी आत गेले आणि चहा निवायच्या आत बाहेर आले. "अगदी सोपं होतं," ते म्हणाले. मग ताई आत गेली. तिला वेळ लागला. भाऊजींनी दोनदा दाराकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे पाहिलं. "ती लिहिण्यात जरा मंद आहे," त्यांनी कवळीवाल्यांना समजावलं. मध्ये मजल्यावरचा शिपाई बाहेर येऊन आणखी कोरे कागद घेऊन गेला.

मग बाईंनी तिघांना समोर बसवलं आणि निकाल वाचला.

पत्नी चहात किती साखर घेते? भाऊजींचं उत्तर होतं, दोन चमचे. ताईचं उत्तर होतं, चहा सोडून बरीच वर्षं झाली, पण यांना एकट्याने प्यावा लागू नये म्हणून दोन कप करते, माझा कप खिडकीतल्या कुंडीत ओतते. त्या कुंडीतलं झाड का वाढत नाही, याबद्दल भाऊजी अधूनमधून चिंता व्यक्त करत असत.

पत्नीला राग आला की ती काय करते? भाऊजी म्हणत होते, तिला राग येत नाही, स्वभावाने शांत आहे. ताई म्हणत होती, गच्चीवर जाऊन बसते. हे विचारतात कुठे होतीस, मी सांगते कपडे वाळत घालत होते. इतके कपडे आमच्या घरात नाहीत.

पतीला कशाची भीती वाटते? भाऊजी: कशाचीही नाही. ताई: घरी बसल्यापासून आपल्याला कुणी विचारत नाही, याची.

पत्नीची राहून गेलेली इच्छा? भाऊजी: काहीही राहिलेलं नाही, वेळच्या वेळी सर्व दिलेलं आहे. ताईने पाठपोट लिहून आणखी कागद मागितला होता तो या प्रश्नासाठी. बाईंनी ते वाचून दाखवलं नाही. त्यांनी ते पाकिटात घालून पाकीट चिकटवलं.

भाऊजींचा चेहरा पडला. त्यांच्या कानशिलावर घाम आला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या कागदात त्रुटी निघाली होती, आणि तीही बायकोच्या हस्ताक्षरात. ते काही बोलणार एवढ्यात बाईंनी उठून त्यांचा हात हातात घेतला. "अभिनंदन! इतकं अस्सल काही मी पाहिलेलं नाही. एक उत्तर जुळेल तर शपथ. लबाडीला जागाच नाही! प्रमाण जोडपं मंजूर."

घामाची जागा हास्याने घेतली. भाऊजींनी प्रमाणपत्राची मागणी केली, शिक्का सरळ मारून घेतला आणि परत जाताना वाटेतच ते काचेच्या चौकटीत बसवून घेतलं.

ते दुकानात होते तेवढ्यात ताई आणि कवळीवाले रस्त्यावर उभे होते. ताई म्हणाली, "मला वाटलं होतं मी घाबरेन. पण ती बाई विचारत गेली ना, तुम्हाला काय आवडतं, काय राहिलं, कुठे दुखतं... इतकं बरं वाटलं रे. असं बसवून मला कुणी कधी विचारलंच नव्हतं." आणि मग जरा थांबून म्हणाली, "पुन्हा बोलावतात का रे ते?"

कवळीवाल्यांना ताईची कीव आली आणि भाऊजींचा रागही आला. पण त्यांच्या हातात आता खात्याचं नवं परिपत्रक होतं. प्रमाण जोडप्याच्या जवळ जाणारं प्रेम तेवढं खरं धरलं जाईल. फेरपडताळणी होईल. तीत प्रश्नांखेरीज 'साध्या घरगुती संभाषणाचा नमुना'ही तपासला जाईल. तिची सुट्टी दारात येऊन उभी होती. आता काहीही करून त्यांना माहीत असलेलं विसरायचं होतं.

शिकवणी भाऊजींनीच घेतली. प्रमाणपत्र भिंतीवर लागलं होतं, त्याच्या खाली बसून.

"हे बघा मेव्हणे, सगळा पाया 'हं' वर आहे. तीन प्रकार. पहिला आखूड: हं. म्हणजे आवाज पोचला. दुसरा लांब: हंऽऽ. म्हणजे काय बोललीस ते कळलं नाही, पण चालू दे. तिसरा मान उचलून: हं! म्हणजे आता पुरे. तुम्ही कुठला वापरता?"

"मी विचारतो, मग पुढे काय झालं?"

भाऊजींनी कपाळाला हात लावला. "तिथेच तुमचं प्रकरण फसलं. बरं, ती म्हणाली, आज पाठ दुखतेय. तुम्ही काय म्हणाल?"

"कुठे, वर की कंबरेत? किती वेळ उभी होतीस?"

"चूक! म्हणायचं, माझीपण दुखतेय. ती म्हणाली, असं वाटतं दोन दिवस कुठेतरी जावं. तर?"

"कुठे जावंसं वाटतं?"

"अहो, 'बघू'! नुसतं 'बघू'. यात होकार नाही, नकार नाही, खर्च नाही. मी 'बघू' वर सगळा संसार ओढलाय." आतून भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला. भाऊजी म्हणाले, "हं." आणि पुढे शिकवायला लागले. कवळीवाल्यांना मानावंच लागलं की हा माणूस या विद्येत मुरलेला आहे.

तिकडे तिलाही हाच अभ्यास होता; भाऊजींचे धडे कवळीवाले तिला फोनवर पोचवत. सुरुवातीला दोघांना मजा वाटली. ती काही सांगायची, हे "हंऽऽ" करायचे, आणि मग दोघं खो खो हसायचे. "तुला जमत नाहीये," ती म्हणायची. "तुझा हं ऐकून कुणालाही कळेल की तू ऐकतोयस." तिला मात्र लवकर जमलं. यांचं बोलणं चालू असताना ती मध्येच म्हणायची, "अरे, इथे पाऊस आला बघ." हेही भाऊजींनी खास शिकवलेलं, प्रगत अभ्यासक्रमातलं.

सराव वाढला तसं हसू कमी झालं. जमायला लागल्यावर कशातच गंमत राहत नाही. एका संध्याकाळी कवळीवाले फोन टेबलावर टेकवून बोलता बोलता एका जबड्याचा साचा तासत होते. ती म्हणाली, "आज बाबांची कवळी ठेवलेला पेला फुटला."

"हंऽऽ."

मग तिने विचारलं, "हा सरावाचा होता की खरा?"

"सरावाचा," ते पटकन म्हणाले. पण साच्यावरचा हात थांबला होता. पेला फुटला हे त्यांना आत्ता, तिने विचारल्यावर, ऐकू आलं होतं. ते वर न जाता तडक ताईकडे गेले.

"ताई, नको हे. मला ते यायला लागलंय."

ताई भाजी निवडत होती. तिने पातेलं बाजूला सारलं. "मग नको ना करू. तू यांच्यासारखा व्हावास म्हणून का मी तिथे जाऊन खरं खरं लिहिलं? सांग तिला, जमत नाही. नाहीतर ती येऊ दे इकडे."

"तिला यायला इथली परवानगी लागेल. पुन्हा तोच कक्ष."

"मग थांबा वर्षभर."

"थांबून काय होईल? पुढच्या वर्षी काय, नियम आम्हाला ओळखून सोडणार आहे? एकदा फक्त जातो ताई. एकदा तिला समोर बघितलं की हे सगळं झटकून टाकीन. परीक्षेपुरतंच आहे."

"परीक्षेपुरतंच," ताई म्हणाली. "लग्न झालं तेव्हा हेही म्हणाले होते, ऑफिसात सध्या काम फार आहे, तेवढं संपू दे." आणि तिने पातेलं पुन्हा पुढे ओढलं.

फेरपडताळणीला कवळीवाले गेले. त्या कशाला घाबरतात? "पालीला," ते म्हणाले, आणि खोटं बोलताना त्यांना आपल्याच हाताने तिला त्या लिफ्टमध्ये ढकलल्यासारखं वाटलं. राग आला की काय करतात? "तिला राग येत नाही. शांत आहे." तिकडे तिने सांगितलं, त्याला गोड फार आवडतं. ते गोडाला शिवत नसत. मग संभाषणाचा नमुना झाला. ती हॉटेलातल्या बंद पडलेल्या बंबाबद्दल काहीतरी सांगत राहिली. यांनी एक आखूड, दोन लांब आणि नेमक्या जागी एक "बघू" टाकला. ती मध्येच म्हणाली, "अरे, पाऊस आला बघ." बाईंनी टाळी वाजवायचीच बाकी ठेवली.

"आता कसं घरच्यासारखं वाटतं!" त्या म्हणाल्या. "आधी नुसतं अंगावर येत होतं हो." आणि त्यांनी शिक्का उठवला. शेरा लिहिला: 'संबंध खरा. भेटीस हरकत नाही.'

भाऊजींनी निघताना विद्यार्थ्याची पाठ थोपटली. ताईने सामानात लोकरीची एक शाल घातली आणि म्हणाली, "तिला म्हणावं, ताईने विचारलंय, कशी आहेस. आणि उत्तर नीट ऐकून ये."

विमान उडालं, उतरलं. काचेचं दार सरकलं आणि समोर ती उभी होती. फोनवर दिसायची त्यापेक्षा ठेंगणी. अंगात निळा कोट, हातात काही नाही, दोन्ही हात रिकामे ठेवून आलेली. हसली तेव्हा खालच्या ओळीतला एक दात जरासा आडवा दिसला. इतक्या दिवसांत तो फोनवर कधी दिसला नव्हता. जिंकलो, कवळीवाल्यांना वाटलं. कचेरीला फसवून आलो. त्यांनी तिचे दोन्ही हात धरले, आणि माणसं त्यांच्या दोन बाजूंनी बॅगा ओढत जात राहिली तरी सोडले नाहीत. ती रडत होती आणि हसत होती. ते नुसते तिच्याकडे बघत होते. जबड्याकडे नाही, डोळ्यांकडे.

मग टॅक्सी मिळाली. सामान मागे गेलं, दोघं आत बसले. गाडी मोठ्या रस्त्याला लागली. दोन्हीकडे उंच दिवे, भलेमोठे फलक, न वाचता येणारी अक्षरं. ती सांगायला लागली. फोनवर सांगता येत नव्हतं ते सगळं. की सुट्टी मंजूर झाल्यापासून ती रोज घाबरत होती. की तो पेला फुटला त्या रात्री तिला वाटलं होतं, आता हा येणार नाही, आणि आला तरी हा तो नसेल. की तिने तेव्हा कुणाला सांगितलं नाही, पण आज सांगून टाकते, एकटं राहणं तिला आता खरंच नको झालं होतं. बोलता बोलता तिचा आवाज कापरा झाला.

कवळीवाले खिडकीबाहेरचा एक फलक बघत होते. गाडी वळली तेव्हा त्यांनी मान मागे वळवली.

"सामान नीट ठेवलंय ना गं त्याने?" ते म्हणाले. "ती मोठी बॅग आडवी नको ठेवायला."

ती थांबली. "ठेवलंय," म्हणाली.

ड्रायव्हर म्हातारा, प्रेमळ चेहऱ्याचा माणूस होता. त्याने आरशातून एकदा यांच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि त्याच्या भाषेत काहीतरी विचारलं.

"काय म्हणतोय?" कवळीवाल्यांनी विचारलं.

ती बाहेर बघत होती. "विचारतोय," ती म्हणाली, "लग्नाला किती वर्षं झाली."

इथे तुम्ही हसलात. मोठ्याने नसेल, गालातल्या गालात. जवळच कुणीतरी बसलं होतं, त्या माणसाने विचारलं, "काय झालं हसायला?" आणि तुम्ही पानावरून नजर न काढता म्हणालात, "काही नाही."